भाताला जागा

अल्तमशनं दुसरा नारळ बाल्कनीच्या उंबऱ्यावर आपटला, तोवर त्या भातात घरातल्या जवळजवळ प्रत्येकाचा वाटा ठरून गेला होता. भात जमला आणि पाहुण्याला आवडला, तर अल्तमशला गुरुवारी मुंबईला जाऊन पुन्हा नऊ महिन्यांसाठी आचारी म्हणून जहाजावर चढावं लागणार नव्हतं. आफरीनला लग्नाच्या तिसऱ्या वर्षी का होईना, नवरा मोबाइलच्या बाहेर मिळणार होता. अल्तमशच्या वडिलांना, पीरसाबांना, त्यांच्या नकळत, ट्रकवरच्या जुन्या गोष्टी ऐकवायला हक्काचे कान मिळणार होते. वाटा नव्हता तो फक्त इमामबीचा. पोटच्या पोरानं तिला यातलं काही सांगितलंच नव्हतं. तिच्याकडे आलं ते नारळाचं पाणी. तेही तिनं पेल्यात ओतून सुनेपुढं सरकवलं.

"पी. सकाळपासून तोंडात काही घातलं नाहीस."

आफरीननं पेला घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवरा फरशीवरच्या शेंड्या गोळा करण्यात गुंतला होता.

न सांगण्याला कारण होतं. दोन वर्षांमागं अल्तमश असाच सुट्टीवर आला होता आणि एका सकाळी म्हणाला होता, या वेळी जात नाही, इथंच काहीतरी करतो. दुपारपर्यंत इमामबीनं बिल्डिंगच्या आठही घरांत शिरा पोचवला. आठवड्यानं जहाज कंपनीचं तिकीट आलं, आणि पोरगा गेला. पुढं कितीतरी दिवस जिन्यात भेटेल तो विचारायचा, 'मुलगा राहणार होता ना?' आणि इमामबी एकेकाला उत्तर देत वर चढायची. म्हणून या खेपेला नवरा-बायकोनं ठरवलं, पक्कं होईपर्यंत अम्मीला शब्द नाही; आणि अब्बांना सांगितलं की ते अम्मीच्या कानी जाणारच, म्हणून त्यांनाही नाही. अल्तमशच्या लेखी ही काळजी होती. इमामबीला विचारलं असतं तर तिनं या काळजीला दुसरं नाव दिलं असतं. पण तिला विचारायचंच नाही, हाच तर बेत होता.

तिला एवढंच ठाऊक होतं की रविवारी दुपारी राजशेखर नावाचा मित्र जेवायला येतोय, हॉटेलवाला आहे, लिंगायत आहे, आणि पोरगा त्याला जहाजावरचा भात करून घालणार आहे. गुरुवारच्या प्रवासाची तयारी तिनं तिच्या परीनं चालवलीच होती. आतल्या खोलीत पलंगावर बॅग उघडी पडली होती, आणि तिच्यात शेंगदाण्याच्या चटणीच्या चार बरण्या कपड्यांच्या घड्यांत रोवून ठेवल्या होत्या.

राजशेखरनं जुळे सोलापुरातच, दोन चौक पलीकडं, खानावळीसाठी जागा घेतली होती. रंग झाला होता, टेबलं आली होती, स्वयंपाकी तेवढा नव्हता. तो अल्तमशला म्हणाला होता, "थाळी काय, सगळेच देत्यात. मला एकच पदार्थ असा दाव की माणूस तेवढ्यासाठी गाडी वळवंल." पुण्याचा एक जण त्यानं बघून ठेवला होता. त्याला रविवारी संध्याकाळी हो किंवा नाही कळवायचं होतं. म्हणजे जे काय व्हायचं ते या जेवणात.

शाकाहारी माणसाला काय खाऊ घालायचं, यावर अल्तमशनं तीन रात्री घालवल्या होत्या. जहाजावर शिकलेलं निम्म्याहून जास्त मासे आणि मांस यांतच गेलं. मग त्याला ग्लेनरॉय आठवला, सोबतचा जमैकाचा आचारी. सुट्टीच्या दिवशी तो खलाशांसाठी त्याच्या घरचा भात रांधायचा, राजमा आणि नारळाच्या दुधातला.

"नाव काय म्हणालास?" इमामबीनं विचारलं.

"राइस अँड पीज."

"मटार कुठं आहेत यात?"

"तिकडं राजम्यालाच पीज म्हणतात."

"बरं. आणि याच्याबरोबर काय खातात?"

"हाच बरोबर खातात, अम्मी. ताटात मधे दुसरं काहीतरी असतं. हा कडेला."

इमामबीनं रात्रभर भिजून फुगलेल्या राजम्याकडं पाहिलं, किसलेल्या दोन नारळांकडं पाहिलं.

"एवढं सगळं करून कडेला? मग मधे काय, लोणचं?"

तरी नारळाचं दूध तिनंच पिळून दिलं. पांढऱ्या मलमलीच्या फडक्यातून पहिलं दाट, मग पाणी घालून दुसरं पातळ. राजमा शिजून त्याचं पाणी लालसर झालं, तेव्हा अल्तमशनं त्यातच दूध ओतलं, ठेचलेला लसूण आणि पातीचा कांदा टाकला. लवंग, दालचिनी आणि जायफळ तिन्हींचा वास एकाच दाण्यात असलेले मिऱ्यासारखे काळे दाणे बरोबर आणले होते, ते टाकले. तिकडं जो पाला घालतात तो सोलापुरात कुठं मिळणार, म्हणून तो चार दिवस फिरला होता; आणि काल समोरच्या शिवम्माच्या दारातल्या कुंडीत त्याला पानओवा दिसला. ग्लेनरॉयच्या फोटोतलं जाड, लवदार पान तेच. शिवम्मानं तो पोरांच्या खोकल्यासाठी लावला होता.

भांडीही शिवम्माचीच होती, तिच्या शाकाहारी घरातली. पातेली, ताटं, वाट्या, पळीसुद्धा. राजशेखरनं काही म्हटलं नव्हतं. पण ज्या भांड्यात कधी मटण शिजलं त्यात लिंगायताच्या पोराला जेवू घालायचं, हे इमामबीला पटणारं नव्हतं. 'खाणाऱ्याला माहीत नसलं तरी वाढणाऱ्याला माहीत असतं,' एवढं म्हणून ती समोरच्या दारात गेली होती.

तांदूळ पडला. शेवटी अल्तमशनं एक जाड, तांबडी मिरची देठासकट वर अलगद ठेवली आणि झाकण उचललं.

"थांब," इमामबी म्हणाली. सुरी तिच्या हातात आलीही होती. "चीर द्यायची विसरलास."

"नक्को अम्मी! ती तशीच ठेवायची. फुटली तर सगळा भात गेला."

"मग घातलीस कशाला?"

"वास उतरतो तिचा. तिखटपणा तिच्याजवळच राहतो."

इमामबी त्या आख्ख्या मिरचीकडे बघत राहिली. सोलापुरात उभा जन्म गेलेल्या बाईला न चिरलेली मिरची म्हणजे दारात येऊन आत न बोलावलेला माणूस. हात दोनदा पुढं गेला आणि मागं आला. मग तिनं बाजूचा कांदा ओढून घेतला आणि चिरून टाकला. तो कांदा कशातच पडणार नव्हता. पण सुरी उचलली होती, तर काहीतरी चिरणं भाग होतं.

पाहुण्याला एका भातावर पाठवायचं नसतं, म्हणून तिचा स्वयंपाक वेगळा झालाच होता. भरली वांगी, पातळ डाळ, शेंगाची चटणी, आणि ज्वारीच्या भाकऱ्या. अठरा. जेवणारी माणसं पाच. पण इमामबी भाकरी माणसं मोजून करत नसे, अब्रू मोजून करत असे. पीरसाबांनी चाळीस वर्षं ट्रक चालवला. वाटेत भेटलेला कुठलाही क्लीनर, हमाल, कधी नुसताच रस्ता चुकलेला माणूस ते वेळीअवेळी घरी आणत, आणि त्या चाळीस वर्षांत या घरात भाकरी कमी पडली असं कुणी म्हटलेलं नव्हतं.

राजशेखर एक वाजता आला. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात हेल्मेट.

"भांडी सगळी समोरच्या शिवम्माकडची हायत, आण्णा," तो बसायच्या आधीच पीरसाब म्हणाले. "आमच्यातलं एकबी न्हाई. निवांत बसा."

"कशाला एवढं करायचं, चाचा?" राजशेखर म्हणाला. पण मांडी मात्र त्यानं जरा ऐसपैस घातली.

अल्तमशनं आफरीनला सांगून ठेवलं होतं की भात पहिल्यापासून ताटात हवा, उजव्या कडेला, दोन पळ्या. तिनं पळी भरलीही. इमामबीनं ती तिच्या हातातून काढून घेतली.

"पाहुणा आत्ता टेकतोय आणि भात वाढतेस? उठवायचाय का त्याला?"

हे मात्र नवरा-बायकोच्या हिशेबात धरायचं राहून गेलं होतं. या घरात, आणि या गावातल्या बहुतेक घरांत, भात शेवटी येतो. ताटात भात पडला की जेवण आवरतं घेतलं, असं पाहुणा समजतो. आफरीन पातेल्याशी उभी राहिली. अल्तमश आत येऊन काही सांगेल म्हणून दाराकडे बघू लागली. पण त्याला पीरसाबांनी पाहुण्याशेजारी बसवून घेतलं होतं.

वांगी आली, भाकरी आली. राजशेखरनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"चाची, वांगं लई भारी!"

झालं. याहून जास्त इमामबीला काही लागत नसे. दुसरी भाकरी पडली. पीरसाबांच्या गोष्टीतला ट्रक तोवर हुबळीच्या अलीकडं बंद पडला होता आणि क्लीनर पाणी आणायला गेला होता.

"आण्णा, तो भात जरा..." अल्तमशनं सुरुवात केली.

"भात येतोय की!" पीरसाब म्हणाले. "आधी जेवू दे माणसाला."

तिसऱ्या भाकरीला राजशेखरनं हात हलवला, मग ताटावर पंजा आडवा धरला. इमामबीनं भाकरी पंजाखालून सरकवली. क्लीनर पाणी घेऊन परत आला, ट्रक चालू झाला, आणि अल्तमशच्या ताटातली पहिलीच भाकरी अजून संपत नव्हती. घास तोंडात नुसता फिरत होता.

तिसरी संपवून राजशेखर मागं भिंतीला टेकला. "चाची, आता मातर भाताला जागा न्हाई बघा. भात पुढच्या खेपंला."

पीरसाब हसले. "अहो, भाताचं जाऊ द्या! भाकरी आण गं, आण्णांचं ताट मोकळं हाय."

इमामबी आत आली. तिनं दुरडीतली चौथी उचलली. आफरीन पातेल्याचं झाकण काढत होती, ठेवत होती, पुन्हा काढत होती.

"अम्मी, भाकरी नेऊ नका."

"का? पाहुणा..."

"त्यांनी हा भात खाल्ला तर यांना तिथं काम मिळणार आहे." आफरीन खाली बघून, भराभर बोलली. "इथंच, सोलापुरात. नाहीतर आज संध्याकाळी ते दुसऱ्याला हो म्हणणार. आणि हे गुरुवारी..."

तिनं झाकण पातेल्यावर ठेवून दिलं.

इमामबीच्या हातात भाकरी होती, अजून गरम, पापुद्रा फुगलेली. 'मला का नाही सांगितलं,' असं तिनं विचारलं नाही. दोन वर्षांमागचा शिरा तिलाही आठवत असणार. तिनं भाकरी दुरडीत परत ठेवली.

"भाकरी!" बाहेरून पीरसाबांचा आवाज आला. त्यांची सवय तिला ठाऊक होती. तिसऱ्या हाकेला ते स्वतः उठून आत येत आणि दुरडीच उचलून नेत.

तिनं दुरडीतलं फडकं चारी कोपऱ्यांनी उचललं, गाठ मारली आणि आतल्या खोलीत गेली. त्या घरात पटकन झाकण पडेल अशी एकच वस्तू होती. बॅगेतल्या चटणीच्या बरण्या तिनं बाजूला केल्या, गाठोडं मधे ठेवलं आणि बॅग बंद केली. परत येऊन रिकामी दुरडी भिंतीशी पालथी घातली. भाताचं पातेलं उचललं आणि दारात उभी राहिली.

"भाकरी संपली," ती म्हणाली.

पीरसाबांचा घास हातातच राहिला.

"काय?"

"संपली. अंदाज चुकला माझा. पीठबी न्हाई."

पीरसाब उठले. आत गेले. पालथी दुरडी त्यांनी सुलटी करून पाहिली. परत येऊन बसले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते, आणि हुबळीचा ट्रक जिथं होता तिथंच राहिला.

"आण्णा, माफी असावी."

"अहो चाचा, काय हे! पोट भरलंय की."

"एवढ्यावर भागवून घ्या," असं म्हणत इमामबीनं त्याच्या ताटाच्या कडेला भाताच्या दोन पळ्या घातल्या.

पोट भरलेल्या पाहुण्याला भात नको म्हणता येतो. भाकरी संपलेल्या घरात तो नको म्हणता येत नाही. तसं म्हणणं म्हणजे यजमानाची लाज ताटात तशीच टाकून उठणं. शिवाय राजशेखर जाणता माणूस होता. आणखी दीड भाकरीचा आग्रह होणार हे धरून त्यानं तेवढी जागा राखून ठेवली होती. ती आता रिकामीच होती.

पहिला घास त्यानं शिष्टाचार म्हणून घेतला. दुसऱ्याला त्यानं वांग्याचा उरलेला रस्सा जवळ ओढला. भातात कालवला नाही, घासाला नुसता लावला. तिसरा घास तो सावकाश चावत राहिला. आफरीन दारामागं होती. तिनं हातातल्या बांगड्या मुठीत धरून ठेवल्या होत्या.

"ह्याला वास कसला हाय?"

"पानओवा," अल्तमश म्हणाला. "खोकल्यावर देतात तो."

"आमची आईबी लावायची की दारात." राजशेखरनं आणखी एक घास घेतला. "नारळ हाय, पण गोड न्हाई लागत. आणि ती मिरची वर तशीच ठेवलीयास, आख्खी?"

"फोडायची नसते ती. वासापुरती असते."

राजशेखरनं पातेल्यात वाकून त्या मिरचीकडे पाहिलं. ती वाफेनं मऊ पडली होती, चकाकत होती, कुठं चीर गेली नव्हती. त्यानं ताट पुढं केलं.

"चाची, घाला अजून एक पळी."

इमामबीनं घातली. एकच. आग्रह केला नाही. ती पळी हातात धरून उभी राहिली, आणि पाहुण्यानं स्वतःहून पुन्हा मागितल्यावरच तिनं पातेल्यात हात घातला.

हात धुऊन आल्यावर राजशेखरनं मोबाइल काढला, काहीतरी टाइप केलं आणि मोबाइल खिशात टाकला.

"पुण्याच्याला नको म्हणून कळवलं," तो अल्तमशला म्हणाला. "भात हाच ठेवू, पण वांग्याच्या शेजारी. तुझ्या जमैकात काय शेजारी ठिवत्यात ते तिकडं. गुरुवारी चूल पेटवू. येशील न्हवं?"

"येतो," अल्तमश म्हणाला. मग मान हलवून पुन्हा सांगितलं.

पीरसाब एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिले. "कसली चूल?"

त्यांना सांगण्यात आलं. तेवढ्यापुरते त्यांचे कान पूर्वीच्या रंगावर आले. मग राजशेखर दारात चप्पल घालताना वळला आणि हसून म्हणाला, "आणि चाची, काळजी करू नका. आमच्यात भाकरी कमी पडायची न्हाई, तेवढं मी बघतो."

इमामबी पदर तोंडाशी धरून हसली. पीरसाबांचे कान पुन्हा लाल झाले. ते पाहुण्याला सोडायला खाली उतरले, आणि तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जिनाभर माफी मागत राहिले.

परत आल्यावर ते म्हणाले, "चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. पोराचं काम झालं म्हणून गप्प बसतो."

"अंदाज चुकला म्हणते ना," इमामबी म्हणाली.

बायका मागाहून जेवल्या. भाकरी संपलेली होती, त्यामुळं दोघींनी भातच खाल्ला. भाकरीचा तुकडा पोटात गेल्याशिवाय इमामबीला जेवल्यासारखं वाटत नसे. तिनं भात संपवला, ताटातली मिरची बोटानं इकडून तिकडं केली आणि न फोडता बाजूला ठेवली.

"कडेला ठेवण्यासारखा नाही," ती सुनेला म्हणाली. "पण त्याला सांगू नको. चढून बसेल."

चारच्या सुमाराला अल्तमश आतल्या खोलीत गेला. कंपनीला त्यानं येत नसल्याचं कळवलं होतं. आता बॅग रिकामी करायची होती. झाकण उघडलं तर कपड्यांच्या घड्यांमधे, चटणीच्या बरण्यांना टेकून, त्याच्या घरचं फडकं. गाठ अजून कोमट होती. त्यानं ती सोडली. वरची भाकरी उचलली, खालची पाहिली, मग सगळ्या मोजल्या. बारा.

तो पलंगाच्या कडेवर बसला.

बाहेर दार वाजलं. शिवम्मा स्वतःच भांडी न्यायला आली होती. ताटं एकमेकांवर ठेवल्याचा आवाज झाला, आणि तिचा आवाज त्याच्या वर.

"इमामबी, भाकरी कमी पडली म्हनं तुमच्यात? पीरसाब जिन्यात सांगत हुते. म्या म्हटलं, इमामबीच्या घरात? शक्यच न्हाई!"

अल्तमश उठला. दोन पावलं दारापर्यंत गेला. दाराच्या फटीतून अम्मीची पाठ दिसत होती. तिनं मागं न बघता हात मागं केला आणि दार ओढून घेतलं.

"पडली की," ती शिवम्माला म्हणत होती. "वय झालं आता. अंदाज चुकतो. पळ्या मोजून घे, दोन हुत्या तुझ्या."

तो परत येऊन बसला. गुरुवारी समुद्रावर जाणार होत्या त्यांतली एक बरणी त्यानं उघडली, भाकरीचा तुकडा मोडला आणि चटणीला लावला. दुपारचा न उतरलेला घास आता उतरत होता. एक भाकरी त्यानं पूर्ण संपवली. उरलेल्या फडक्यात नीट बांधल्या, आणि बॅग पुन्हा बंद केली. अब्बांना दिसता कामा नये, त्यामुळं ती इतक्यात रिकामी होणार नव्हती. भाकऱ्या अकरा, आणि त्या गुपचूप खाऊ शकतील अशी माणसं तीनच.

दारापलीकडं कुणीतरी आणखी एक जण जिना चढून आलं होतं. इमामबी त्यालाही सांगत होती की अंदाज चुकला.